पूर्वेचे शेजारी आणि पूर्णाकाठचे पाणी
आंतरराज्य व आंतरप्रादेशिक सहकार्याचा एक अभ्यास

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. या रांगेच्या उत्तर उतारावर पडणारा पाऊस नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा या नद्यांच्या वाटेने पूर्णेस मिळतो, पूर्णा तापीस मिळते आणि ते पाणी अखेरीस अरबी समुद्रात जाते. दक्षिण उतारावरील पावसाची वाट निराळी आहे. तेथे उगम पावलेली पैनगंगा मेहकरवरून पुढे वाशीम, हिंगोली व यवतमाळ या जिल्ह्यांकडे जाते, वर्धा नदीस मिळते आणि प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच जिल्ह्यातील दोन शिवारांचे पाणी देशाच्या दोन टोकांस जावे, ही या जिल्ह्याची भौगोलिक नियती होय.

या वस्तुस्थितीतून एक साधा निष्कर्ष निघतो. पाण्याच्या बाबतीत बुलढाणा जिल्हा एकट्याने कोणताही मोठा निर्णय घेऊ शकत नाही. तो कोणाचा तरी वरचा शेजारी आहे आणि कोणाचा तरी खालचा. म्हणूनच राज्याराज्यांतील आणि विभागाविभागांतील सहकार्य हा विषय केवळ राजधानीतील परिषदांचा नसून तो संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा वा मोताळा तालुक्यांतील ग्रामपंचायतींचाही आहे.

एकेकाळचे एक राज्य

आज ज्यांना आपण शेजारी राज्य म्हणतो, त्यांच्याशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराखाली आला. स्वातंत्र्यानंतर नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात बुलढाण्याचा समावेश होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भातील इतर जिल्ह्यांबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा जिल्हा आहे. सातपुड्याच्या पलीकडील निमाड आणि अलीकडील वऱ्हाड यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. परंतु बाजारपेठ, सोयरीक व नद्या यांनी ती सीमा कधीच पूर्णपणे मानलेली नाही.

ज्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाने या सीमा आखल्या, त्याच अधिनियमाने सीमेपलीकडील प्रश्नांसाठी विभागीय परिषदांची तरतूद केली. केंद्रीय गृहमंत्री या परिषदांचे अध्यक्ष असतात आणि त्यांचे स्वरूप सल्लागार मंडळाचे आहे. महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत गुजरात व गोवा यांच्यासह बसतो. त्याचे पूर्वेकडील शेजारी मात्र अन्य गटांत आहेत. मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये मध्य विभागीय परिषदेत, तर तेलंगण दक्षिण विभागीय परिषदेत आहे. विदर्भाच्या जवळजवळ सर्व मोठ्या नद्या याच पूर्वेकडील शेजाऱ्यांकडून येतात अथवा त्यांच्याकडे जातात. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. प्राणहितेच्या एका तीरावर महाराष्ट्र आहे, तर दुसऱ्या तीरावर तेलंगण. गट एक आणि नद्या दुसरीकडे, अशी ही रचना असल्यामुळे विदर्भाच्या पाण्याचे प्रश्न परिषदेतील चर्चेने नव्हे, तर दोन राज्यांमधील स्वतंत्र करारांनी व मंडळांनीच सुटू शकतात.

कराराची परंपरा

असे करार नवीन नाहीत. गोदावरी खोऱ्यातील पाण्याच्या वाटपासाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमण्यात आला. लवादाचे काम चालू असतानाच संबंधित राज्यांनी आपापसांत करार केले आणि १९८० च्या निवाड्यात लवादाने ते समाविष्ट केले. भांडण न्यायासनासमोर असतानाही वाटाघाटींचा मार्ग मोकळा राहतो, हा त्या घटनेचा महत्त्वाचा धडा होय. भंडारा जिल्ह्याच्या सीमेवरील बावनथडी अर्थात राजीव सागर प्रकल्प हा महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प आहे. २३ ऑगस्ट २०१६ रोजी महाराष्ट्र व तेलंगण यांच्यात मुंबईत झालेल्या करारात प्राणहितेवरील तुम्मिडीहेट्टी, गोदावरीवरील मेडिगड्डा आणि पैनगंगेवरील चनाखा-कोरटा या बंधाऱ्यांचा समावेश होता. ज्या पैनगंगेचा उगम बुलढाणा जिल्ह्यात आहे, तिच्या खालच्या प्रवाहाविषयी दोन राज्यांना करार करावा लागला, ही गोष्ट येथील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

करार झाला म्हणजे काम संपले, असे मात्र होत नाही. मेडिगड्डा बंधाऱ्याचे काही खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. या बंधाऱ्याच्या फुगवट्याविषयी गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी त्यापूर्वीपासून होत्या. कागदावरील वाटणी जितकी महत्त्वाची, तितकीच बांधकामाची गुणवत्ता आणि नदीकाठच्या माणसाची नुकसानभरपाईही महत्त्वाची असते, असे या प्रकरणावरून दिसून येते.

खारपाणपट्ट्याची गरज

बुलढाणा जिल्ह्याला सहकार्याची निकड का आहे, हे समजून घेण्यासाठी पूर्णेच्या खोऱ्याकडे पाहिले पाहिजे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. येथील जमीन गाळाची, खोल व काळी आहे. परंतु भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे विहीर खोदूनही पिण्यास वा ओलितास त्याचा फारसा उपयोग होत नाही. खाऱ्या पाण्याचे ओलित दिल्यास जमीन चोपण होते. अशा गावांना गोड पाणी बाहेरून आणण्यावाचून गत्यंतर नसते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारींमुळे जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील अनेक गावांत पाण्याचा प्रश्न हा थेट आरोग्याचा प्रश्न बनला आहे.

आजही या तालुक्यांना शेजाऱ्याचेच पाणी मिळते. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याच्या सीमेवर सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीवर वारी भैरवगड येथे धरण आहे. त्यातून बुलढाणा जिल्ह्यातील गावांना नळयोजनेद्वारे पाणी पुरविले जाते. धरण मुळात सिंचनासाठी असल्यामुळे पिण्याच्या पाण्याची आरक्षणे वाढत गेली, तसा लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचा विरोधही वाढला. हा विरोध दुष्टपणाचा नाही. ज्याच्या शेतापर्यंत कालवा आला आहे, त्याला आपल्या पाळीचे पाणी कमी होईल ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. उलट पक्षी, ज्याच्या घरात खारे पाणी येते, त्याची मागणीही तितकीच न्याय्य आहे. दोन न्याय्य मागण्यांमधील वाद हा सहकार्याची खरी कसोटी पाहणारा असतो.

दोन नवे प्रस्ताव

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या दोन निर्णयांचा अभ्यास आवश्यक ठरतो. पहिला निर्णय तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात या योजनेविषयी सामंजस्य करार झाला. दोन राज्यांच्या आंतरराज्य नियंत्रण मंडळाची बैठक सुमारे पंचवीस वर्षांच्या खंडानंतर त्या वेळी भरली. योजनेत सुमारे ३१.१३ टीएमसी पाण्याचा वापर अपेक्षित असून त्यातील ११.७६ टीएमसी मध्य प्रदेशच्या व उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्याचे आहे. तापीवर वळण बंधारा बांधून दोन्ही तीरांवरील कालव्यांद्वारे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यावयाचे, अशी तिची कल्पना आहे. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व वाळूचा जाड थर असतो आणि त्यात पाणी वेगाने मुरते. या थरात मुरलेले गोड पाणी दक्षिणेकडील गावांच्या विहिरींना आधार देईल, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रातील अमरावती, अकोला व बुलढाणा आणि मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर व खंडवा हे जिल्हे तिच्या लाभक्षेत्रात येतात.

दुसरा निर्णय वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणापासून मोताळा तालुक्यातील नळगंगा धरणापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटर लांबीचा जोडकालवा, सुमारे ६२.५७ टीएमसी पाण्याचे वहन आणि नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर क्षेत्रास लाभ, असे त्याचे स्वरूप आहे. खर्चाचा अंदाज ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. हा प्रकल्प राज्यातल्या राज्यात असला, तरी तो गोदावरी खोऱ्यातील पाणी तापी खोऱ्यात नेणारा असल्यामुळे लवादाच्या चौकटीचा व खालच्या राज्यांचा विचार त्यात टाळता येत नाही.

बुलढाणा जिल्हा या जोडकालव्याच्या अगदी शेपटाला आहे. कालव्याच्या शेपटाचा शेतकरी कोणत्या अवस्थेत असतो, हे प्रत्येक पाणीवापर संस्थेला ठाऊक आहे. माथ्यावरील शेतकऱ्याने पाणी अडविले की शेपटाकडे फक्त कोरडी चारी उरते. म्हणून हा प्रकल्प बुलढाण्यासाठी लाभदायक ठरावयाचा असेल, तर वाटेतील पाच जिल्ह्यांचा विश्वास संपादन करणे हे बांधकामाइतकेच आवश्यक आहे.

देणाऱ्याची बाजू

पूर्व विदर्भाच्या बाजूने पाहिल्यास चित्र आणखी स्पष्ट होते. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. तीन दशकांहून अधिक काळ या भागातील शेतकऱ्यांनी कालव्यांची व विस्थापितांनी पुनर्वसनाच्या पूर्ततेची वाट पाहिली. त्यांचा प्रश्न सरळ आहे. आमची धानाची बांधी भिजण्यापूर्वी आमचे पाणी चारशे किलोमीटर दूर जाणार काय? नागपूर शहराचे सांडपाणी नाग व कन्हान नद्यांमार्गे याच जलाशयात येते, हाही त्यांच्या चिंतेचा विषय आहे. आणि ते पाणी पश्चिमेकडे यावयाचे असल्याने तो आता बुलढाण्याच्याही चिंतेचा विषय झाला पाहिजे.

या प्रश्नास ‘अतिरिक्त पाणी’ हा शब्द पुरेसे उत्तर नाही. अतिरिक्त पाणी कोणत्या महिन्यातील, किती वर्षांच्या नोंदींवरून ठरविलेले आणि कमी पावसाच्या वर्षी ते कोणाच्या वाट्यातून कमी होणार, हे आधी लिहून ठेवले गेले, तरच तो शब्द विश्वासार्ह ठरतो.

दूरचे एक उदाहरण

युरोपातील डॅन्यूब नदीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. जर्मनीत उगम पावून काळ्या समुद्रास मिळणाऱ्या या नदीच्या रक्षणाचा करार २९ जून १९९४ रोजी सोफिया येथे झाला. आज १४ देश व युरोपीय संघ त्याचे सदस्य आहेत. त्यांतील काही देश संघाचे घटक आहेत, तर युक्रेन व मोल्दोव्हा यांसारखे पूर्वेकडील शेजारी संघाबाहेरचे आहेत. २००९ मध्ये युरोपीय संघाने आपल्या पूर्वेकडील सहा शेजारी देशांशी ‘पौर्वात्य भागीदारी’ सुरू केली; राजकीय ताणामुळे बेलारूसने २०२१ मध्ये त्यातील आपला सहभाग स्थगित केला. डॅन्यूब आयोगाचे काम मात्र पाण्याच्या नमुन्यांची तपासणी, पुराची पूर्वसूचना व प्रदूषणाचा इशारा अशा ठोस गोष्टींवर उभे आहे. गटाच्या आतला व गटाच्या बाहेरचा, असा भेद नदीच्या बाबतीत न करता सर्व काठांना एका मेजाभोवती समान जागा देणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

गावपातळीवरील कार्य

अशा मोठ्या योजनांत ग्रामपंचायतीने काय करावयाचे, असा प्रश्न साहजिकच पडेल. पहिले काम नोंदींचे आहे. गावातील विहिरींची पातळी व पाण्याचा खारेपणा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजून नोंदविला, तर पुनर्भरणाचा परिणाम झाला किंवा नाही हे उद्या गावालाच सांगता येईल. शाळेतील शिक्षक व विद्यार्थी हे काम उत्तम रीतीने करू शकतात. दुसरे काम संघटनेचे आहे. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये पाणीवापर संस्था स्थापन करता येतात. बाहेरचे पाणी येण्यापूर्वी घरच्या पाण्याची शिस्त लागलेली असेल, तर देणाऱ्याचाही विश्वास वाढतो. तिसरे काम भूसंपादन व पुनर्वसनाच्या माहितीचे आहे. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाने नांदुरा तालुक्यातील व परिसरातील गावांना विस्थापनाचा दीर्घ अनुभव दिला आहे. हा अनुभव असलेला जिल्हा गोसीखुर्दच्या विस्थापितांचे दुःख इतर कोणाहीपेक्षा अधिक समजू शकतो.

चौथे काम मनाचे आहे. पैनगंगेच्या रूपाने बुलढाण्याचे पाणी युगानुयुगे पूर्वेकडे गेले आहे आणि अखेरीस ते वैनगंगेलाच जाऊन मिळते. उद्या वैनगंगेचे पाणी नळगंगेत आले, तर ते उपकाराचे दान म्हणून नव्हे किंवा हिसकावून घेतलेला हक्क म्हणूनही नव्हे, तर परस्परांच्या देवघेवीचा एक भाग म्हणून यावे. तसे होण्यासाठी बुलढाण्याच्या ग्रामसभेत एक ठराव प्रथम मांडला जाणे योग्य ठरेल: गोसीखुर्दच्या लाभक्षेत्रातील कालवे आणि तेथील पुनर्वसन आधी पूर्ण व्हावे. शेजाऱ्याच्या शेताला पाणी मिळावे अशी मागणी तहानलेल्या गावाने करणे, हाच प्रादेशिक सहकार्याचा खरा प्रारंभ होय.