फिरते घर : कॅराव्हॅनकडून मोटारघराकडे

गणेशोत्सव, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी या तीन प्रसंगी डोंबिवलीतील असंख्य कुटुंबे शहराबाहेर पडतात. कोणी कोकणातील मूळ गावी जाते, कोणी कुलदैवताच्या दर्शनास, तर कोणी समुद्रकिनारी वा थंड हवेच्या ठिकाणी. आगगाडी, एस. टी. आणि खाजगी मोटार ही प्रवासाची साधने सर्वांच्या परिचयाची आहेत. तथापि, घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील असले, कोणास मधुमेह वा गुडघेदुखी असली, किंवा सोबत तान्हे मूल असले की प्रवासाचा बेत अडखळतो. भाड्यापेक्षाही वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल काय, पाठ टेकावयास जागा असेल काय, पथ्याचे अन्न कोठे शिजवावे, याच प्रश्नांची चिंता अधिक असते. स्त्रियांच्या बाबतीत तर पहिला प्रश्न विशेष बिकट आहे. अनेक घरांतील वडीलधारी माणसे याच कारणास्तव गावी जाण्याचे टाळतात.

या अडचणींवरील एक उपाय म्हणून फिरत्या घराकडे पाहिले जाऊ लागले आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन असून त्यांतील मोटारघराची लोकप्रियता काही देशांत वाढली आहे. असे का घडले आणि आपल्याकडील परिस्थितीत कोणता प्रकार सोयीचा, याचा विचार उद्बोधक ठरेल.

दोन प्रकार

पहिला प्रकार कॅराव्हॅनचा. ही चाकांवरची खोली असते. तिला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागे जोडून ती ओढून न्यावी लागते. दुसरा प्रकार मोटारघराचा, म्हणजेच मोटारहोमचा. यात इंजिन, चालकाची जागा, बिछाने, स्वयंपाकाचा ओटा आणि शौचालय ही सर्व एकाच वाहनात सामावलेली असतात. चित्रपटांच्या चित्रीकरणस्थळी उभ्या असणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन अनेकांनी पाहिल्या असतील. त्यावरून वाहनातील खोलीची साधारण कल्पना येते. आपल्याकडे शासकीय धोरणात व बोलण्यातही दोन्ही प्रकारांस कॅराव्हॅन असेच म्हटले जाते. या लेखात मात्र ओढून न्यावयाच्या वाहनास कॅराव्हॅन व स्वयंचलित वाहनास मोटारघर म्हटले आहे.

बिऱ्हाड सोबत घेऊन प्रवास करणे महाराष्ट्रास नवे नाही. छत घातलेल्या बैलगाडीतून, शिधा व अंथरूण-पांघरूण घेऊन, कुटुंबे जत्रेस जात असत. पंढरीच्या वारीत आजही दिंडीबरोबर ट्रक चालतो. तंबू, धान्य, भांडी आणि वारकऱ्यांचे सामान त्यात असते.

परदेशातील वाटचाल

सहलीसाठी मुद्दाम बांधलेल्या फिरत्या घराचा इतिहास इंग्लंडमध्ये १८८५ पासून सांगितला जातो. त्या वर्षी डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी दोन घोड्यांनी ओढावयाची ‘वाँडरर’ ही गाडी बांधून घेतली व तीतून देशभर प्रवास केला. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. जर्मनीत १९३१ मध्ये आरिस्ट डेथलेफ्स यांनी, व्यवसायानिमित्तच्या प्रवासात कुटुंबही सोबत असावे या हेतूने, मोटारीमागे जोडण्याचे घर तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाकडे मोटारी आल्या आणि युरोपात कॅराव्हॅनचा प्रसार झाला.

मोटारघराची प्रगती समांतर चालू होती. १९५१ मध्ये जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपण्या-जेवण्याची सोय करून दिली. अमेरिकेत विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटारघरांचे कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. अलीकडच्या काळात पारडे मोटारघराकडे स्पष्टपणे झुकले आहे. कोरोना साथीच्या वर्षी, २०२० मध्ये, जर्मनीत सुमारे ७८ हजार नव्या मोटारघरांची नोंदणी झाली. नव्या कॅराव्हॅनची संख्या सुमारे २९ हजार होती. एकाच ठिकाणी दोन-तीन आठवडे मुक्काम करण्याऐवजी दोन-तीन दिवसांच्या छोट्या सहली करण्याची पद्धत रूढ झाली, हे या बदलाचे एक प्रमुख कारण होय. रोज मुक्काम हलवावयाचा तर गाडी जोडणे-सोडणे त्रासाचे होते.

ओढण्याचे गणित

आपल्याकडील विचार मात्र रस्ता आणि मोटार यांपासूनच सुरू करावा लागतो. कॅराव्हॅनचे भारासहित वजन ती ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा सल्ला नवशिक्या चालकास ब्रिटनमध्ये दिला जातो. सुमारे ९०० किलोग्रॅम वजनाची छोटी मोटार धरली तर ही मर्यादा ७६५ किलोग्रॅम येते. चौघांची सोय असलेली कॅराव्हॅन सामानासह सहज १,००० किलोग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजेच मध्यमवर्गीय कुटुंबाकडील छोटी मोटार या कामास पुरी पडत नाही.

डोंबिवलीहून कोठेही निघावे, घाट टळत नाही. कल्याण-मुरबाड मार्गे जाताना माळशेज, नाशिककडे कसारा, पुण्याकडे बोर घाट लागतो. पनवेलमार्गे कोकणात उतरताना कशेडी घाटास आता बोगद्याचा पर्याय झाला असला, तरी किनाऱ्याकडे वळणारे रस्ते अरुंद व वळणावळणांचेच आहेत. अशा रस्त्यावर मागची गाडी वळणाच्या आतील बाजूने कापत जाते. उतारावर तिचा भार मोटारीस पुढे ढकलतो. सामानाची मांडणी चुकली वा वेग वाढला तर ती सापासारखी डोलू लागते. उलट्या दिशेने नेताना तर चक्र विरुद्ध बाजूस फिरवावे लागते, आणि ही सवय पुष्कळ सरावानेच अंगी येते. मोटार वाहन कायद्यानुसार अशा जोडवाहनाची नोंदणीही स्वतंत्रपणे करावी लागते.

मोटारघराच्या बाबतीत यांतील बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत. आपल्याकडील मोटारघरे प्रायः मिनीबसच्या अथवा बसच्या सांगाड्यावर बांधली जातात. या वाहनांचे चालक, त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. एकूण भारित वजन ७,५०० किलोग्रॅमपर्यंत असलेले वाहन मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ‘हलके मोटार वाहन’ या वर्गात मोडते.

उभे कोठे करावे ?

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक नोंदली गेली. डोंबिवलीतील जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाकडे मोटार असेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. जेथे दुचाकी लावण्यावरून सोसायटीच्या सभेत वाद होतात, तेथे वर्षातून वीस दिवस वापरावयाची कॅराव्हॅन उर्वरित दिवस ठेवावी कोठे ? हीच अडचण स्वतःच्या मालकीच्या मोटारघरासही लागू आहे. यास्तव डोंबिवलीसारख्या शहरात मोटारघर चालकासह भाड्याने घेणे हाच बहुसंख्यांसाठी व्यवहार्य मार्ग ठरतो. कॅराव्हॅन भाड्याने घेतली तरी ती ओढण्यास योग्य मोटार व सराव असलेला चालक हवाच.

कॅराव्हॅनची उपयुक्तता यामुळे संपत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर ती सोडून ठेवता येते आणि मोटार गावात हिंडावयास मोकळी राहते. मोटारघराने आलेल्या कुटुंबास मात्र भाजी आणावयाची तरी सारे घर हलवावे लागते. कॅराव्हॅनला इंजिन नसल्याने तिची किंमत व देखभालही कमी असते. पर्यटन केंद्रावर कायम उभी ठेवून खोलीप्रमाणे भाड्याने देण्यास तर ती अधिक सोयीची आहे.

पाणी, वीज आणि सांडपाणी

मोटारघरातील सुखसोयींस मर्यादा असतात व त्या आधी समजून घेतल्या पाहिजेत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. चौघांनी प्रत्येकी १५ लिटर पाण्याने स्नान केले तर ६० लिटर पाणी एका सकाळी संपते. स्वयंपाक, भांडी आणि शौचालय यांचा खर्च वेगळाच. टाकी १०० लिटरची असेल तर ती रोज भरावी लागेल. दिवे, पंखा यांसाठी वेगळी बॅटरी असते व ती वाहन चालताना भारित होते. परंतु वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवावयाचे तर बाहेरून वीजजोडणी हवी. शौचालयाची टाकी दोन-तीन दिवसांनी योग्य ठिकाणी रिकामी करावी लागते. ती ओढ्यात वा रस्त्याकडेला रिती करणे हा गावकऱ्यांच्या आरोग्याशी केलेला अपराध होय.

मोटारघराचे यश म्हणूनच त्याच्या रात्रीच्या तळावर अवलंबून आहे.

शासनाचे धोरण

ही गरज ओळखून राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. वाहनांबरोबरच त्यांच्यासाठी तळ उभारण्याचा विचार हे या धोरणाचे वैशिष्ट्य होय. पाणी, वीज, स्वच्छतागृह व सांडपाण्याची सोय असलेले असे तळ शासकीय तसेच खाजगी जागेवरही उभारता येतात. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने माळशेज घाट, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली अशा ठिकाणी आहेत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे शेतकऱ्यांसही पाहुण्यांची सोय करण्यास उत्तेजन मिळाले आहे. ज्या शेतकऱ्याकडे विहीर, वीज आणि वाहन वळविण्याइतके मोकळे अंगण आहे, त्यास खोल्या न बांधताही पर्यटकांची सोय करून पूरक उत्पन्न मिळविता येईल.

प्रथमच जाणाऱ्यांसाठी

प्रथमच मोटारघर घेणाऱ्या कुटुंबाने पुढील बाबी पाहाव्यात. पहिली सहल दोन रात्रींची व जवळची असावी. तळाची निश्चिती निघण्यापूर्वीच करावी. वाहनाची उंची विचारून घ्यावी, कारण गावातील कमानी, विजेच्या तारा आणि झाडांच्या फांद्या यांची अडचण येते. वाहन चालू असताना सर्वांनी आसनावर पट्टा बांधून बसावे. बिछान्यावर झोपू नये. गॅसचे सिलिंडर प्रवासात बंद ठेवावे. वृद्धांना पायरी चढता येते की नाही, शौचालयात आधाराची दांडी आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहूनच वाहन ठरवावे. माथेरानसारख्या ठिकाणी मोटारवाहनांस बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापुढे हे घरही जाऊ शकत नाही, हे ध्यानी ठेवावे.

मोटारघराचे भाडे आज सर्वांच्या आवाक्यातले नाही. तरीही दोन कुटुंबांनी मिळून ते घेतल्यास, निवास व प्रवास यांचा एकत्रित खर्च मांडून पाहण्याजोगा आहे. तालुक्या-तालुक्यांत स्वच्छ तळ उभे राहिले, तर आज डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरून गावाची केवळ आठवण काढणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपल्या ग्रामदैवतासमोर पुन्हा एकदा उभे राहता येईल.