बेरीज करण्याआधी

अगं, सी भाषेतला हिशेबाचा जुना प्रोग्राम तुझ्याकडे आलाय म्हणालीस, म्हणून मावशीचं हे ऐकून ठेव.

आधी बघ, रक्कम कशात साठवलीय. 32 बिटांच्या इंटमध्ये 2147483647 च्या पुढे काही मावत नाही. पैशांत मोजलंस तर 2,14,74,836 रुपये 47 पैसे. चालत्या दुकानाची वर्षाची उलाढाल याच्या पुढे सहज जाते. माझ्या पहिल्या नोकरीत मार्चअखेरीस एकूण विक्री उणे दोन कोटींच्या घरात छापून आली. पावत्या सगळ्या बरोबर. दोन रात्री त्याच तपासत बसलो होतो आम्ही.

तुला वाटेल, आधी मिळवू आणि उत्तर कमी आलं तर समजू. तसं मुळीच करू नकोस. 'बेरीज + 100 < बेरीज' अशी अट लिहिलीस, तर ऑप्टिमायझेशन लावल्यावर जीसीसी ती काढून टाकतो. चिन्ह असलेल्या इंटचा ओव्हरफ्लो सीच्या नियमांत 'अनडिफाइन्ड' आहे, म्हणजे तो होणारच नाही असं धरायची कंपायलरला मुभा. मग शंभर मिळवून संख्या कमी कशी होईल? अट खोटीच, म्हणून गायब. डीबग बिल्डमध्ये कधी कधी तीच अट नीट चालते, आणि माणूस तिथेच फसतो.

प्रोसेसरला बोल लावू नकोस. शाळेत आपण हातचा डोक्यावर लिहायचो, तसा इंटेलचा प्रोसेसर बेरजेचा हातचा कॅरी फ्लॅगमध्ये ठेवतो आणि चिन्ह बिघडलं तर ओव्हरफ्लो फ्लॅग लावतो. सीमधलं साधं अधिक तिकडे बघतच नाही. बघायला लावायचं तर जीसीसी 5 पासून बिल्टिन-ॲड-ओव्हरफ्लो आहे, सी-23 मध्ये सीकेडी-ॲड. तेही नसेल, तर कमाल आकड्यातून नवी रक्कम वजा कर आणि उरलेल्यात जुनी बेरीज बसते का ते मिळवण्याआधीच बघ. रक्कम शून्याहून मोठी असेल तर ही वजाबाकी कधी उतू जात नाही.

दोन टोकांचा मध्य काढतानाही जप. दोन्हींची बेरीज निम्मी करू नकोस, खालच्या टोकात अंतराचं अर्धं मिळव. जावाच्या स्वतःच्या बायनरी सर्चमध्ये ही चूक वर्षानुवर्षं होती. 2006 मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीरपणे मांडली.

आमच्या त्या प्रोग्रामात एकूण रक्कम 64 बिटांची केली, तरी एका मोठ्या पावतीने पुन्हा घात केला. नग आणि दर दोन्ही इंटच राहिले होते. गुणाकार 32 बिटांतच उरकला आणि बिघडलेलं उत्तर मोठ्या डब्यात पडलं. गुणण्याआधी त्यातला एक तरी 64 बिटांचा कर.