मोटारीचे ब्रेक-पॅड : त्यांची झीज व बदल

मोटारगाडीचे बहुतेक भाग शक्य तितके कमी झिजावेत अशा हेतूने घडविलेले असतात. ब्रेक-पॅड हा त्याला अपवाद होय. झिजण्याचे काम त्याच्याकडे मुद्दामच सोपविलेले असते. कारण त्याने ते केले नाही, तर त्याहून महाग व महत्त्वाच्या भागांना ते करावे लागेल. म्हणून पॅड किती शिल्लक आहे हे ओळखणे आणि तो वेळेवर बदलणे, यावर गाडीतील माणसांची व रस्त्यावरून चालणाऱ्यांची सुरक्षितता अवलंबून असते.

गतीचे उष्णतेत रूपांतर

धावत्या गाडीच्या ठिकाणी गतिज ऊर्जा असते. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेकमधील घर्षणामुळे तिचे उष्णतेत रूपांतर होते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा २,००,००० जूल भरते. एवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअस तापमानाचे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी उकळीस येईल. वेग निम्मा केला, तर ऊर्जा मात्र एक-चतुर्थांश, म्हणजे ५०,००० जूल होते. भरधाव गाडी हाकणाऱ्याचे पॅड लवकर का झिजतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

चाकाबरोबर एक बिडाची चकती फिरत असते. कॅलिपर नावाचा भाग तिला चिमट्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी कवेत घेतो, आणि त्यात चकतीच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड बसविलेला असतो. चालकाने पेडल दाबले, की ब्रेक-तेलावर पडलेला दाब नळ्यांतून कॅलिपरमधील दट्ट्यापर्यंत पोचतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम येथे उपयोगी पडतो. दट्ट्या पुढे सरकतो व पॅड चकतीवर आवळले जातात. अशा ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. परंतु त्याची थोरवी जगास पटली ती १९५३ साली, ल माँ येथील शर्यत चकती-ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली तेव्हा.

झिजेची चिन्हे

पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर घट्ट बसविलेला घर्षणद्रव्याचा थर. नव्या पॅडवर हा थर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. गाडीच्या पुस्तिकेत निराळे माप दिलेले असेल तर तेच प्रमाण मानावे. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे बहुधा पुढच्या चाकांचे पॅड आधी झिजतात.

पुष्कळ पॅडना एक लहानशी धातूची जीभ जोडलेली असते. थर पातळ झाला की ती चकतीस घासते व तीक्ष्ण किंचाळी ऐकू येते. ही पहिली सूचना होय. तेलाच्या भांड्यातील पातळी हळूहळू खाली जाणे, हेही झिजेचे लक्षण असू शकते. परंतु गळतीनेही पातळी उतरते, म्हणून नुसते तेल ओतून स्वस्थ बसू नये. खरखर ऐकू येऊ लागली, तर मात्र पोलाद बिडावर घासत आहे असे समजावे. अशा वेळी गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते आणि चकतीही खराब होते.

पॅड बदलण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा व मागच्या चाकांस ठोकळे द्यावेत. पुढच्या चाकाचे नट जमिनीवरच किंचित सैल करून मग जॅकने गाडी उचलावी आणि तिच्याखाली लोखंडी स्टँड ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे प्राणघातक ठरू शकते.

चाक काढून कॅलिपरचा बोल्ट सोडवावा. सुटा झालेला कॅलिपर तेलाच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. तो तारेने बांधून ठेवावा. जुने पॅड काढल्यावर चकतीची जाडी मोजावी; किमान जाडीचा आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो. नवे पॅड जाड असल्यामुळे दट्ट्या शिकंज्याने सावकाश मागे रेटावा लागतो. त्या वेळी तेल भांड्यातून उतू जाऊ शकते व रंग खराब करते, म्हणून तिकडे लक्ष असावे. पॅडच्या घर्षणाच्या पृष्ठभागास तेल वा ग्रीस लागू देऊ नये. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये. पूर्वी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचे सिद्ध झाले आहे.

एका चाकाचे पॅड बदलले, तर त्याच आसावरील दुसऱ्या चाकाचेही बदलावेत. अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते. दट्ट्या मागे गेलेला असल्यामुळे पहिल्या दाबास पेडल थेट तळास जाते आणि ब्रेक लागत नाही. यासाठी गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल पुनःपुन्हा दाबून घट्ट लागेपर्यंत थांबावे. ही अर्ध्या मिनिटाची दक्षता विसरल्यास नव्या पॅडची गाडी पहिल्याच वळणावर अनावर होईल. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून काही वेळा हलकेच ब्रेक लावून पॅड व चकती एकमेकांशी जुळवून घ्यावीत.

ज्यास हे काम करण्याचा सराव नाही, त्याने ते जाणत्या कारागिराकडे सोपवावे. परंतु जाडी पाहणे व आवाज ओळखणे हे प्रत्येक चालकास जमण्यासारखे आहे. आणि कारागिराकडे केव्हा जावे, हे त्यावरूनच ठरते.