दूरचे कपाट, हातची किल्ली

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

कला शाखेच्या वार्षिकात संगणकाच्या जोडणीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. कागदपत्रे कोठे ठेवावीत, ती कोणास दाखवावीत आणि मागणारा मनुष्य तोच आहे हे कशावरून ओळखावे, हे प्रश्न मुळात यंत्राचे नसून दप्तराचे आहेत, आणि दप्तराशी इतिहासाच्या विद्यार्थ्याचा संबंध नित्याचाच आहे. आमच्या विभागाने कोयना धरणामुळे उठलेल्या गावांतील वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून विभागाच्या संगणकावर ठेवल्या आहेत. त्यांत जमिनीच्या वाटण्या आहेत, भाऊबंदकीचे तपशील आहेत. आणि काही भाग बाहेर जाऊ नयेत, असा शब्द आम्ही बोलणाऱ्यांना दिलेला आहे. त्या मुलाखती ऐकून उतरवून काढण्याचे काम मात्र आम्ही विद्यार्थी वसतिगृहातून वा घरून करतो. दिलेला शब्द अशा स्थितीत कसा पाळावयाचा, या निकडीतून मी या विषयाकडे वळलो. त्या अभ्यासाचे सार येथे मांडीत आहे.

'माउंट' म्हणजे काय?

मोठ्या संगणकांच्या काळात चुंबकीय फीत किंवा तबकड्यांचा संच कर्मचारी हाताने यंत्रावर चढवीत असे. 'माउंट' हा शब्द त्या चढविण्यातून आला. युनिक्स प्रणालीत सर्व फाइलींची मिळून एकच वृक्षरचना असते. नवी तबकडी जोडली की ती या वृक्षाच्या एखाद्या फांदीवर बसते. पुढे हीच कल्पना दूरच्या संगणकाला लागू झाली. विभागातील संगणकाचे एक फोल्डर माझ्या लॅपटॉपच्या फांदीवर बसविले, की ते मला घरच्या फोल्डरसारखेच दिसते. फाइल उघडली की मागणी तारेवरून जाते आणि मजकूर तारेवरून येतो.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावयास हवी. जे दिसते ती नक्कल नव्हे, ती मूळ प्रत होय. माझ्या पडद्यावर मी एखादी मुलाखत पुसली, तर विभागातील मुलाखतच पुसली जाते.

शब्दावर विश्वास

या कामाचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये तयार केलेली 'नेटवर्क फाइल सिस्टिम', अर्थात एनएफएस. तिच्या मूळच्या रूढ पद्धतीत सर्व्हर मागणाऱ्याचा पासवर्ड विचारीत नाही. मागणारा संगणक केवळ वापरकर्त्याचा क्रमांक कळवितो आणि सर्व्हर तो खरा मानतो. कोणत्या संगणकांना दार उघडावे याची यादी सर्व्हरकडे असते. पण यादीतील संगणकाचा पूर्ण ताबा ज्याच्याकडे आहे, तो हवा तो क्रमांक सांगू शकतो. लिनक्सच्या अनेक वाणांत पहिल्या वापरकर्त्यास १००० हा क्रमांक मिळतो. सर्व्हरवर तो क्रमांक प्राध्यापकांचा असेल, तर आपल्या लॅपटॉपवरचा कोणीही १००० क्रमांकाचा विद्यार्थी प्राध्यापक ठरेल! मजकूरही उघडाच प्रवास करतो.

यास रचनाकारांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. एका इमारतीतील, एकाच व्यवस्थापकाच्या हाताखालील यंत्रांत हा विश्वास चालून जाई. पुढे एनएफएसला अमेरिकेतील एमआयटीत जन्मलेल्या 'कर्बेरॉस' या ओळखव्यवस्थेची जोड मिळाली. तीत तीन पायऱ्या आहेत: पहिलीत केवळ ओळख पटते, दुसरीत मजकुरात वाटेत फेरफार झाला तर तो उघड होतो, आणि तिसरीत मजकूर गुप्तही राहतो. मोठ्या संस्थेस हा मार्ग योग्य आहे. परंतु पाच-सात विद्यार्थ्यांच्या विभागास तो खटाटोप पेलणारा नाही.

पुराव्यावर विश्वास

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी येणारे-जाणारे पासवर्ड टिपून घेतले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'सिक्युअर शेल', म्हणजे एसएसएच, तयार केले. येथे ओळख दोन्ही बाजूंनी पटवावी लागते. प्रथम सर्व्हर स्वतःच्या किल्लीने आपली ओळख सिद्ध करतो. मग वापरकर्ता आपली. वापरकर्त्याजवळ किल्ल्यांची जोडी असते. उघडी किल्ली सर्व्हरवर ठेवलेली असते. खासगी किल्ली त्याच्याच संगणकावर राहते आणि ती कधीही तारेवरून जात नाही. तिने केलेली स्वाक्षरी तेवढी जाते. पुढील सर्व संभाषण सांकेतिक रूपात होते.

याच वाटेवरून दूरचे फोल्डर माउंट करण्याचे साधन म्हणजे एसएसएचएफएस. सर्व्हरवर एसएसएच आणि तिची फाइल पाठविण्याची सोय असली, की तेथे दुसरे काही बसवावे लागत नाही. माझ्या बाजूस 'फ्यूज' ही सोय लागते. लिनक्सच्या गाभ्यात ती २००५ मध्ये आली आणि तिच्यामुळे साध्या वापरकर्त्यासही फाइल-व्यवस्था जोडता येते. मुद्दाम परवानगी दिली नाही, तर जोडलेले फोल्डर त्याच संगणकावरील दुसऱ्या वापरकर्त्यास उघडत नाही.

व्यवहारात पाळावयाच्या गोष्टी

पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर येतो आणि 'हा मान्य आहे काय?' असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचता 'होय' म्हणतात. वास्तविक सारी सुरक्षितता या एका क्षणावर उभी आहे. तो ठसा विभागातून प्रत्यक्ष लिहून आणावा व ताडून पाहावा. पुढे कधी ठसा बदलल्याची सूचना आली, तर कारण कळेपर्यंत थांबावे.

खासगी किल्लीस परवलीचे वाक्य अवश्य लावावे. म्हणजे लॅपटॉप चोरीस गेला तरी किल्ली लगेच चोराच्या उपयोगी पडत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची किल्ली वेगळी असावी आणि काम संपताच तिची नोंद सर्व्हरवरून काढून टाकावी. ज्यास केवळ ऐकावयाचे आहे, त्यास केवळ वाचनाचा अधिकार द्यावा, व तो सर्व्हरवरच ठरवावा. लॅपटॉपवर घातलेले बंधन हे स्वतःच्या चुकीपासून रक्षण करते, दुसऱ्याच्या हेतूपासून नव्हे. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी दुरुस्त करू नये, कारण मागाहून जतन करणाऱ्याचा मजकूर आधीच्यावर बसतो. काम आटोपले की जोडणी सोडवावी. आणि मूळ संग्रहाची नक्कल निराळ्या जागी ठेवावी. कारण जोडणी म्हणजे नक्कल नव्हे, हे वर आलेच आहे.

मर्यादा

एसएसएच वाटेचे रक्षण करते, टोकांचे नाही. माझ्या खोलीत उघडा राहिलेला लॅपटॉप, कर्ण्यावर मोठ्याने लावलेली मुलाखत, किंवा मित्राच्या पेन ड्राइव्हवर सहज टाकलेली फाइल, यांपुढे कोणतीही सांकेतिक भाषा हतबल आहे. तांत्रिक व्यवस्था मागणाऱ्याची ओळख पटवून देईल. त्यास ते मागण्याचा नैतिक अधिकार आहे की नाही, हे ती ठरवू शकत नाही. तो निर्णय विभागाने करावयाचा आहे, आणि तो लिहून ठेवावयास हवा. भाषा, लोकसाहित्य व समाजशास्त्र या विभागांतही अशी ध्वनिमुद्रणे वाढत आहेत. कोणती किल्ली कोणाकडे आहे, याची एक साधी वही प्रत्येक विभागाने घातली, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.