आजचा अभ्यास : विरक्ती आहे की उदासी? म्हातारपणची झोप आणि मन

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मादन हिप्परगा, आळंद, उमरगा या आपल्या पट्ट्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं. "आमच्या आज्याला आता विरक्ती आलीय. कुणाशी बोलत नाहीत, जेवणात लक्ष नाही, रात्रभर जागेच असतात." ऐकणारे हात जोडतात. आपण भक्तिमार्गातली माणसं, म्हणून ही गल्लत आपल्याच घरांत जास्त होते, असं मला वाटतं.

विरक्त माणसाचा हव्यास सुटतो, माया सुटत नाही. तो नातवाला जवळ घेतो, दोन घास चवीनं खातो, नामात रमतो. उदासीत मात्र ज्यात गोडी होती तेच आधी नकोसं होतं. भजन, पारायण, शेजारची ओसरी, रानातली चक्कर, सगळंच. वर "माझ्या हातून पाप घडलं, मी घराला भार झालो" हे सुरू होतं. असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं तर तो आजार समजावा आणि डॉक्टरांना दाखवावं. सेवा कमी पडली म्हणून असं झालं, असं कृपा करून कुणी म्हणू नये. आधीच दोष स्वतःकडे घेणाऱ्या माणसावर तो आणखी एक घाव असतो.

आपली म्हातारी माणसं "मन उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत. "अंगात त्राण न्हाई", "भूक मोडली", "डोकं भणभणतंय" असं म्हणतात. मग एक सलाइन लावून आणायची, झालं! 2017-18 मध्ये देशभर 'लासी' नावाची मोठी पाहणी झाली. साठीच्या पुढच्या दर शंभरांत साधारण आठ जणांत नैराश्याची ठळक लक्षणं दिसली, पण डॉक्टरांकडून निदान झालेला शंभरात एकही भरत नव्हता.

आता झोप. वय वाढलं की झोप हलकी होते, लवकर येते, लवकर मोडते. रात्री आठला आडव्या झालेल्या आजीला तीनला जाग आली तर सात तास झाले. तो निद्रानाश नव्हे, तिला काकड्याला बसू द्या. काळजी कधी करायची? मध्यरात्री जाग येऊन मन पोखरत राहतं आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही, तेव्हा. झोप मोडली की उदासी वाढते, उदासी वाढली की झोप आणखी मोडते.

हे चक्र वेळीच थांबवता येतं, हे गोव्यात दिसलं आहे. तिथल्या साध्या दवाखान्यांत येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या 181 जणांवर 'दिल' नावाचा अभ्यास झाला. निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. या लोकांना उदासीची सुरुवात होती, पुरता आजार नव्हता. निम्म्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. उरलेल्या निम्म्यांशी शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते बोलत राहिले. ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांनी एकेक अडचण घेऊन वाट काढायला शिकवली, झोपेची शिस्त लावली, साखर-बीपी सांभाळायला सांगितलं, सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात नेहमीच्या सेवेच्या गटात 90 पैकी 13 जणांना पुरतं नैराश्य आलं. या गटात 91 पैकी फक्त 4 जणांना.

म्हणजे आज्याचं मन कशात अडकलंय ते आधी विचारा. कधी ते संध्या सुरक्षेचं थकलेलं पेन्शन असतं, कधी पुण्याला गेलेल्या लेकाचा न आलेला फोन. एकच गोष्ट घ्या आणि ती तडीस न्या.

झोपेची शिस्त अशी. उठण्याची वेळ रोज एकच. सकाळी उन्हात थोडं चालणं. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोप नको. संध्याकाळनंतर चहा नको, तंबाखू-मिसरी तर नकोच. झोप आली तरच अंथरुणावर जावं. बराच वेळ डोळा लागला नाही तर उठून बसावं, नामस्मरण करावं, झोप आली की पुन्हा आडवं व्हावं. बारीक दिवा लावून ठेवा, अंधारात पाय घसरतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोप आणि अति जागरण दोन्ही योगाला बाधक सांगितलं आहे, म्हणून आजारी म्हाताऱ्यांना रात्रभराच्या जागराला बसवण्याचा आग्रह नको.

मेडिकलमधून मनानं आणलेली झोपेची गोळी मुळीच देऊ नका. म्हातारपणी तिनं तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं, विसरभोळेपणा वाढतो. आधीपासून चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करा. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असतील तर तिची वेळही विचारून घ्या.

"देवानं आता न्यावं" असं बरेच म्हातारे म्हणतात. पण ते वारंवार येऊ लागलं, निरवानिरव सुरू झाली, तर जवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. होय म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच कुलपात टाका.

टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567. कर्नाटकात 'मनोचैतन्य' योजनेत तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तपासतात. आळंदला जाण्याआधी वेळ विचारून घ्या. हे दोन्ही नंबर घरातल्या थोरांच्या साध्या फोनमध्येही टाकून द्या.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥