वाळवंट निर्जीव असते काय?

वाळवंट म्हणजे निर्जीव प्रदेश, अशी मुलांची सर्वसाधारण समजूत असते. ती दूर करण्यास आफ्रिकेच्या दक्षिण भागातील वाळवंटे व अभयारण्ये यांचा पाठ उपयुक्त ठरतो. प्रथम नकाशावर मकरवृत्त दाखवून नामिबिया, बोत्स्वाना व दक्षिण आफ्रिका हे देश शोधावयास सांगावे. मग एकच प्रश्न फळ्यावर लिहावा : येथील जीवांना पाणी कोठून मिळते?

नामिब वाळवंट अटलांटिक महासागराच्या काठी असूनही कोरडे आहे. किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. त्यावरील हवा थंड राहते, वर चढत नाही. म्हणून पाऊस न पडता धुके मात्र दाटते. तेथील एक भुंगेरा वाळूच्या टेकडीवर डोके खाली व पाठ उंच करून उभा राहतो. अंगावर जमलेले धुक्याचे थेंब ओघळून त्याच्या तोंडात येतात. वेल्विचिया या वनस्पतीला आयुष्यभर दोनच पाने असतात. तरी ती शेकडो वर्षे जगते.

उत्तर नामिबियातील एतोशा हे वन १९०७ साली राखीव झाले. तेथे सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरांचे खारे पात्र असून ते बहुतेक काळ कोरडे असते. त्याच्या कडेला झरे आहेत. जून ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत हत्ती, झेब्रे व सिंह एकाच पाणवठ्यावर येतात. म्हणून प्रवासीही याच काळात तेथे जातात.

कालाहारीत थोडा पाऊस पडतो, पण तो कोठे पडेल याचा नेम नसतो. पाऊस पडेल तिकडे कळपांना चालत जावे लागते. बोत्स्वानात गुरांना लाळ-खुरकुताची लागण होऊ नये म्हणून १९५० नंतरच्या दशकात लांबच लांब कुंपणे घालण्यात आली. १९८० नंतरच्या दुष्काळात विल्डेबीस्ट नावाचे हरणवर्गीय पशू पाण्याकडे निघाले आणि कुंपणापाशी अडून हजारोंनी मेले. गुरे वाचविण्याचा उपाय रानपशूंच्या मुळावर आला.

याच कालाहारीत बोत्स्वाना व दक्षिण आफ्रिका यांनी आपापली लगतची उद्याने एकत्र करून २००० साली ‘कगालागादी’ हे संयुक्त उद्यान खुले केले. नोसोब नदीचे कोरडे पात्र ही तेथील देशांची सीमा आहे. परंतु तिच्यावर कुंपण नाही. पशू मोकळेपणाने ये-जा करतात.

पाठाच्या शेवटी धुके, झरा व चाल ही तीन उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावीत. नंतर विचारावे : गुरेही वाचावीत व रानपशूही जगावेत, यासाठी काय करता येईल? उत्तर शिक्षकाने सांगू नये. मुलांना आपसांत चर्चा करू द्यावी.