पंच मोठा की कायदा?

मंडळी, गावात आपण पंच निवडतो. शहरात लोक नगरसेवक निवडतात. अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या एका नगरसेवकाची खरी हकिकत आम्ही सांगतो.

त्यांचे नाव चक टर्नर. रॉक्सबरी भागातल्या गोरगरिबांसाठी ते झटत. १९९९ साली लोकांनी त्यांना निवडून दिले. पुढेही देत राहिले.

२००८ साली त्यांना अटक झाली. एक हजार डॉलर लाच घेतल्याचा आरोप होता. टर्नर म्हणत, आपण निर्दोष आहोत. पण २०१० साली कोर्टात गुन्हा शाबीत झाला. शिक्षा ठरण्याआधीच नगरसभेने ११ विरुद्ध १ मतांनी त्यांना काढून टाकले. २०११ साली तीन वर्षांची कैद झाली.

मग टर्नर यांनी दाद मागितली. २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितले, असे काढायचा अधिकार नगरसभेला नाही. कैदेची शिक्षा झाली म्हणजे पद आपोआप जाते, असा तिथला कायदा. तोवर थांबायचे होते!

पाहा बरे, लाच घेणाऱ्याला कायदा सोडत नाही. त्याला काढणाऱ्यांनाही कायदा मोडता येत नाही. पंचाला जाब जरूर विचारा, पण कायद्याच्या वाटेने. हे ध्यानात धरा.